पॅड निळा झाला तेव्हा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी डोळे चोळत चाळीसगावला उतरलो. डोक्यात एकच प्लॅन: नानांची गाडी या वीकेंडला चकाचक करायची आणि विकून टाकायची.

नाना म्हणजे माझे वडील. गाडी २०१३ ची, गडद निळी, मेटॅलिक. रोज सकाळी चहाच्या आधी नाना जुन्या बनियनच्या फडक्याने ती पुसणार म्हणजे पुसणार. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. ती धूळ कोरड्या फडक्याखाली सापडली की झाला पॉलिश पेपर! बारा वर्षांत गाडीभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा पडल्या होत्या. सावलीत दिसायच्या नाहीत, पण बॉनेटवर ऊन पडलं की सूर्याभोवती जाळंच जाळं. पाटणादेवीच्या रस्त्यावर झुडपांनी काढलेले दोन-चार ओरखडे वेगळेच.

"नाना, तुमच्या पुसण्यानेच वाट लागली गाडीची," मी आल्या आल्या ऐकवलं. नाना काही बोलले नाहीत. गाडी विकायची कल्पना माझी होती, त्यांची नव्हती, हे इथेच सांगून ठेवतो.

एका मित्राकडून बफिंग मशीन आणलं, एकाच जागी गरगर फिरणारं, रोटरी. दुकानातून सगळ्यात कडक कंपाउंड आणि लोकरीचा पॅड घेतला. हिशोब साधा होता. रेघा जास्त, तर औषधही जास्त. वर्षभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डिप्लॉयमेंट करणाऱ्या माणसाला हे काय अवघड? व्हिडिओ तर सहा पाहून झाले होते.

अंगणात, अकराच्या उन्हात, मशीन फुल स्पीडला टाकून बॉनेटपासून सुरुवात केली. कंपाउंड लावेपर्यंत सुकत होतं, म्हणून मी जोर वाढवला. दहा मिनिटांत रेघा गायब! आरशासारखं बॉनेट. मग बॉनेटच्या मधून गेलेल्या उंच कडेवर आलो. पॅड निळा व्हायला लागला. मला वाटलं, वा, बारा वर्षांचा मळ निघतोय. व्हिडिओतल्या जुन्या गाडीचा रंगही असाच पॅडवर येत होता की! मी अजून दाबलं.

पाण्याने पुसून बघतो तर कडेवर हातभर लांबीचा भुरकट, मेलेला पट्टा.

नाना बाहेर आले. "काय जयं रे भाऊ?" मी म्हटलं, "काही नाही, थोडं राहिलंय." असलं खोटं मी मॅनेजरशीही बोलत नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या पेंटर काकांना बोलावलं. त्यांनी बॉनेट बघितलं नाही, आधी पॅड बघितला. "दादा, क्लिअर उडाला. हा मळ नाही, रंग आहे." मेटॅलिक रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. बफ करताना घासला जातो तो हाच थर, म्हणून पॅडवर रंग यायलाच नको. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर बरेचदा क्लिअर नसायचा, त्यांचा रंग पॅडला लागणारच. माझ्या व्हिडिओतली गाडी तसली होती.

नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. कंपनीतून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर ४०-५० च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. कडेवर थर अजून पातळ, आणि पॅडचा सगळा भार तेवढ्याच रेषेवर येतो. म्हणून जाणकार माणूस कडेला आधी टेप लावतो. बफिंग म्हणजे रेघ भरणं नव्हे, रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर रेघेच्या तळापर्यंत खाली आणणं. या खात्यातून पैसे फक्त काढता येतात, भरता येत नाहीत. रोलबॅक नाही.

काकांची पद्धत माझ्या बरोब्बर उलटी. आधी गाडी भरपूर पाण्याने धुवायची. मग नख फिरवायचं. नख अडकलं तर ती रेघ बफने जाणार नाही, नाद सोडायचा. नाही अडकलं तर सावलीत, गार पत्र्यावर, फूटभर जागेत चाचणी: मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश. भागलं तर तिथेच थांबायचं. नाही भागलं तर आधी थोडा कडक फोम, मग कंपाउंड, आणि लोकर सगळ्यात शेवटी. तेच कंपाउंड लोकरीवर कापतं आणि मऊ फोमवर बऱ्यापैकी हळू चालतं. म्हणजे डबा निवडून अर्धंच काम होतं, जोडी निवडावी लागते. फोमच्या रंगावर जाऊ नये, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशोब वेगळा. नवशिक्याने रोटरीऐवजी फिरता फिरता डुलणारं ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं, पत्रा कमी तापतो. आणि चकाकी लगेच खरी मानू नये. कंपाउंडमधलं तेल रेघा लपवतं, ते पुसून मगच बघायचं.

काकांनी मागचा दरवाजा तसा करून दाखवला. मऊ फोम आणि पॉलिश, बस. ऐंशी टक्के जाळं गेलं. ज्या कंपाउंडवर मी अख्खं बॉनेट घासलं, त्याची गरजच नव्हती.

बॉनेट पूर्ण रंगवावं लागणार होतं. आणि रंगवलेलं बॉनेट बघून घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "ठोकली होती का?" पुढच्या रविवारी पाचोऱ्याहून आलेल्या पार्टीने पट्टा बघितला, बॉनेटचा भाव कापून सांगितला. नाना म्हणाले, "राहू द्या मग." इतक्या लवकर आणि इतक्या आनंदाने त्यांनी कुठलाच सौदा मोडलेला मी पाहिला नव्हता.

नानांनी बारा वर्षं रोज घासून जेवढा क्लिअर घालवला नाही, तेवढा मी वीस मिनिटांत उडवला होता. ऐकवून मात्र मीच मोकळा झालो होतो. रात्री जेवताना सॉरी म्हटलं. त्यांनी ताटात अजून एक भाकरी वाढली.

पट्टा अजून तसाच आहे. मी मायक्रोफायबरची चार फडकी आणून दिली आहेत. नाना आता आधी बादलीभर पाणी मारतात, मग पुसतात. पट्ट्यावरून हात जरा हळू फिरवतात, असं मला उगाच वाटतं.

असो. मशीन परत करून आलोय. या शनिवारी चाळीसगावला जाणार आहे, हात खिशात ठेवून.