चिनी तक्ता आणि एक जून

गेल्या महिन्यात लातूरला भाचीकडे जाणे झाले. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. जयभीम झाला, चहा झाला आणि तिच्या सासूबाईंनी मोबाईल आमच्यापुढे धरला. "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. हे चिनी कॅलेंडर बघा बरं. ह्यात मुलगीच दाखवायलंय. पहिली मुलगी हायच." भाची खाली मान घालून बसलेली. मग आवाज बारीक करून त्या म्हणाल्या, "एकदा कुठं तरी तपासून घ्यावं म्हणते."

हा तक्ता आमच्या ओळखीचा होता. २००८ साली नांदेडला आमच्याच घरी त्याची झेरॉक्स आली होती. उभ्या रांगेत आईचे वय १८ ते ४५, आडव्या रांगेत गर्भ राहिल्याचे बारा महिने. एकूण ३३६ चौकटी आणि प्रत्येकीत मुलगा नाहीतर मुलगी. बीजिंगजवळच्या राजघराण्याच्या थडग्यात हा सातशे वर्षांपूर्वीचा कागद सापडला, अशी कथा त्याबरोबर सांगतात. वय मोजायचे ते चिनी चांद्र पद्धतीने. तिकडे मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि दर नववर्षाला एक मिळवतात.

आम्ही विहारात अंधश्रद्धेवर बोलणारे. मुहूर्त नको, पत्रिका नको असे वस्तीत सांगत फिरणारे. पण त्या रात्री सगळे झोपल्यावर आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. गाडी अडली ती पत्नीच्या वयावर. दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्या पिढीतली कितीतरी माणसे शाळेत नाव घालताना गुरुजींच्या लेखणीतून एक जूनला जन्मली आहेत! आमच्या सासूबाई सांगत, तूर निघाली तेव्हा ही झाली. एक जून धरला तर मुलगी येत होती, तूर धरली तर मुलगा. आम्ही तूर धरली.

मुलगी झाली. बाळ हातात घेताना आमचा चेहरा उतरला आणि तो पत्नीने पाहिला. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "विहारात बोलता तेव्हा असा चेहरा नसतो तुमचा." सोळा-सतरा वर्षे झाली, ते वाक्य पुसले गेले नाही.

लातूरला आम्ही हे सगळे सांगितले. चंद्रावर आपला राग नाही. वैशाख पौर्णिमा आपण चंद्रावरूनच पाळतो, पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेला जातो. पण पोटातल्या बाळाला चंद्र काय करणार? आईकडून एक्स गुणसूत्रच येते, बापाकडून एक्स किंवा वाय. गर्भ राहतो त्या क्षणीच निकाल लागतो आणि तो बापाच्या बाजूने लागतो. तरी बोल मात्र सुनेला! अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वीडनमधल्या १९७३ ते २००६ या काळातल्या २८ लाखांहून अधिक जन्मांवर हा तक्ता तपासला. २०१० साली निष्कर्ष छापला, की नाणे उडवले तरी एवढेच बरोबर येईल. शंभरातल्या पन्नासेक जणींचे जुळणारच. त्या गावभर सांगतात. बाकीच्या म्हणतात, वयच चुकले असेल.

तपासणीचे मात्र आम्ही कडक बोललो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. यात डॉक्टरबरोबर तपासायला लावणारा नवरा आणि नातेवाईकही गुन्हेगार ठरतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ च होत्या. कागदावरच्या एका चौकटीने घरात भीती शिरते आणि मग पावले तिकडे वळतात. प्रसेनजित राजाला मल्लिका राणीकडून मुलगी झाली, तो खट्टू झाला. तेव्हा मुलगी मुलापेक्षा श्रेष्ठही निघू शकते, असे भगवान बुद्धांनी त्याला समजावले होते. आमच्यासारखा तोही उपासकच होता.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारले, "तुमची ती धाकटी आता काय करती?"

"अकरावीला आहे, सायन्सला. हे एक्स-वाय तिनेच आम्हाला वही घेऊन शिकवले."

भाचीने तेव्हा कुठे मान वर केली. "मामा, जेवूनच जा," म्हणाली.

परवा तिचा फोन आला. सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला जाऊन आल्या, लोहाच्या गोळ्या आणल्या. मोबाईलमधला तक्ता काढला की नाही, ते आम्ही विचारले नाही.