पागोळ्यांचं पाणी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर कोसळली, तर पन्हळीतून हजार लिटर पाणी खाली उतरतं. हा हिशेब मनात बसल्यापासून मला पाऊस वेगळाच ऐकू येतो. पाइपातून घळाघळा उतरणारं हे पाणी आपल्या दारात आलेलं असतं आणि आपण त्याला फरशीवरून फाटकाबाहेर घालवून देतो. तिथून ते रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून ओढ्यात.

पुण्यात ओढा म्हटला की २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते. कात्रजकडे तुफान पाऊस झाला, आंबिल ओढा काठावरच्या वस्त्यांत शिरला आणि शहरात वीसहून अधिक माणसं गेली. एखाद्या अंगणाने असा पूर अडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ओढ्यात येणारं पाणी अंगणाअंगणांतूनही आलेलं असतं, आणि आपण ती अंगणं पेव्हर ब्लॉक घालून एकामागून एक बुजवत चाललो आहोत. चिखल होत नाही, झाडायला सोपं जातं, गाडी लावता येते. सगळी कारणं खरी आहेत. तरी पावसाचा थेंब जिथे पडतो तिथे मुरू न देणारी जमीन पाहिली की मला तिची कीव येते.

आमच्याकडे जुन्या घरांत परसदारी मोरीचं पाणी जिथे पडायचं, तिथे अळू असायचा, पलीकडे केळ, कडेला कर्दळ. कुणी नकाशा काढून लावलेलं नसे. ओल जिथे होती तिथे ओलीची झाडं होती. छोट्या बागेत पाऊस मुरवायचा म्हणजे हेच करायचं. घराचा पाया सोडून दहाएक फुटांवर वीतभर खोल, बशीसारखा पसरट खड्डा, पन्हळीचं पाणी त्यात वळवलेलं आणि जास्तीच्या पाण्याला बाहेर पडायला एका बाजूला वाट. पुण्यात थोडं खणलं की मुरूम लागतो, त्याखाली काळा कातळ. काही ठिकाणी चिकट काळी माती. म्हणून आधी खड्डा पाण्याने भरून बघावा. पाणी दिवसभरात, फार तर दोन दिवसांत जिरलं पाहिजे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा पुरतो. त्याच्या आत जमीन कोरडी झाली की काळजी नाही.

खड्ड्याच्या तळाशी मी वाळा लावला आहे. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. काठावर कर्दळ, वरच्या कोरड्या बाजूला अडुळसा, कढीपत्ता आणि लिंबू. या लिंबाशी माझं फार जुळलं आहे. त्याच्या कोवळ्या पानावर एकदा पक्ष्याच्या विष्ठेसारखा पांढरट-काळपट ठिपका दिसला. नीट पाहिलं तर तो सुरवंट होता, निलवंत फुलपाखराच्या कुळातला. काही दिवसांत कात टाकून तो हिरवागार झाला. काडीने हलकेच स्पर्श केला, तेव्हा मानेमागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. पानं कुरतडलेली बघून लोक औषध फवारायला सांगतात. मी फवारत नाही. महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू मानलं, त्या निलवंताची पिल्लं लिंबाच्या जातीच्या पानांवरच वाढतात. त्याला मान द्यायचा आणि त्याच्या पिल्लांचा घास हिरावायचा, हे मला पटत नाही.

हिरवळ मात्र मी लावली नाही. सारखी कापायची, पाणी पाजायचं आणि तिच्यात कुणाला फार काही मिळायचं नाही. त्यापेक्षा पालापाचोळा पडू दिला. त्याखाली गांडुळं आली, त्यांच्या मागे दयाळ आला. शिंपी पक्ष्याची टकटक अडुळशातून ऐकू येते. कोपऱ्यातली थोडी माती मुद्दाम उघडी ठेवली आहे. एकेकट्या राहणाऱ्या काही मधमाश्या तिथे बीळ करतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाचोळ्याखालून बेडूक हलतो, आणि मग तो कुंपण ओलांडून शेजारच्या काकांच्या फरशीवर जातो. तिथे त्याला लपायला जागा नाही, ओल नाही.

म्हणून यंदा काकांशी बोललो. आमच्या मागच्या पन्हळीचं पाणी अजून सरळ रस्त्यावर जातं आणि त्यांचंही. दोन घरांमधल्या भिंतीच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंनी फरशी आहे. काकांना भिंतीला ओल येईल अशी भीती आहे, आणि ती खोटी नाही. तेव्हा भिंतीपासून लांब, त्यांच्या जांभळाच्या आळ्याजवळ एकच चर खणायचा आणि दोन्ही पन्हळी तिथपर्यंत न्यायच्या, असं ठरलंय. फरशी उचलायला गवंडी मेच्या शेवटी येणार आहे. वाळ्याचे ठोंब माझ्याकडून, अळू काकूंकडून.