एका विषयासाठी एक वर्ष

निकाल लागला की घरचे, शेजारचे, सगळे एकच विचारतात: किती टक्के पडले? पुढच्या वर्षाला प्रवेश मिळेल ना, हे फारसे कोणी विचारत नाही. भडगाव-पाचोरा पट्ट्यात संख्याशास्त्र शिकवताना आणि सोबत परीक्षा विभागाचे काम बघताना माझी खात्री झाली आहे की आमच्या मुलांचे आयुष्य टक्क्यांपेक्षा या दुसऱ्या प्रश्नाने जास्त बदलते. पंचेचाळीस टक्क्यांवर पास झालेला मुलगा काही ना काही मार्ग काढतो. वर्ष गेलेली मुलगी मात्र बहुतेक वेळा वर्गात परत येत नाही.

हा दुसरा प्रश्न ठरवणारा नियम म्हणजे एटीकेटी. गिरणाकाठच्या कुठल्याही गावात शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही तो माहीत असतो. ‘नातवाला केटी लागली’ एवढे ती नीट सांगते. पण केटी किती विषयांपर्यंत चालते, कुठल्या वर्षी चालत नाही, हे तिच्या नातवालाही धड माहीत नसते. नियमाची घडण साधारण अशी: पहिल्या वर्षाचे काही विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षाला बसता येते, मात्र विषय सुटल्यावर मिळणारी ठरावीक क्रेडिट, पुष्कळ ठिकाणी निम्मी, हातात हवीत. तिसऱ्या वर्षाच्या दारात नियम कडक होतो. तिथे पहिले वर्ष पूर्ण सुटलेले लागते आणि दुसऱ्याचाही ठरलेला हिस्सा. आकडे विद्यापीठागणिक आणि विद्याशाखेगणिक बदलतात. मुले अडकतात ती मात्र सगळीकडे याच जागी, दुसरे आणि तिसरे वर्ष यांच्या मधल्या उंबऱ्यावर.

कशी अडकतात ते एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते. कॉलेजपासून दूरच्या एका गावची, घरी कोरडवाहू कापूस, घराण्यात कॉलेजला आलेली पहिलीच. पहिल्या सत्रात तिचा एक विषय राहिला. लेखी परीक्षेत साठपैकी तीस गुण होते. जिथे लेखी आणि अंतर्गत अशा दोन्हींत स्वतंत्र पास व्हावे लागते तिथे साठपैकी चोवीस आणि चाळीसपैकी सोळा हवेत. अंतर्गत चाचणीच्या दिवशी ती कापूस वेचायला गेली होती, त्यामुळे तो रकाना गैरहजर. कापसाची वेचणी आणि हिवाळी सत्राच्या चाचण्या दरवर्षी एकाच वेळी येतात, हे खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. वेळापत्रक आखताना ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढच्या सत्रांत ती सगळ्या विषयांत पास झाली. राहिलेल्या विषयाचा फॉर्म मात्र तिने भरलाच नाही, कारण चालू सत्राच्या फॉर्ममध्ये तो आपोआप येत असेल असे तिला वाटत होते. ते तसे नसते. मागच्या विषयाचा फॉर्म वेगळा, त्याची फी वेगळी, तारीख वेगळी. तारीख चुकली तर विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क, आणि मग खिडकी बंद.

जुलैत तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आली तेव्हा हातात दुसऱ्या वर्षाचे चांगले गुणपत्रक. ‘मॅडम, एक विषय ऱ्हाई गया,’ एवढेच ती म्हणाली. सोबतचे वडील मान खाली घालून उभे होते. नियमाने तिला प्रवेश देता येत नव्हता. एका चाचणीच्या सोळा गुणांसाठी पूर्ण वर्ष गेले. त्या वर्षात घरात काय बोलणी सुरू होतात हे आमच्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, नियम तो नियम. मीही नियमाच्याच बाजूची आहे. दर काही वर्षांनी विद्यार्थी संघटना ‘कॅरी ऑन’ मागतात, म्हणजे कितीही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्या. मला ते मान्य नाही. पहिल्या वर्षाची संभाव्यता ज्याला कळलेली नाही त्याला तिसऱ्या वर्षाचे अनुमानशास्त्र कळणार नाही, आणि वर्गात नुसते बसवून ठेवणे ही त्याची फसवणूक आहे. पास होण्याची रेषा एका गुणानेही खाली आणू नये. पण ती रेषा ओलांडायला पुन्हा संधी केव्हा मिळते, हा प्रश्न निराळा आहे. ज्ञानाच्या बाबतीत कडक राहून वेळेच्या बाबतीत उदार होता येते. आपल्या व्यवस्थेत नेमके उलटे झाले आहे. ग्रेस गुण, सोपे अंतर्गत, ठरलेले प्रश्न अशा वाटांनी ज्ञानाची अट सैल झाली आणि वेळेची अट पोलादी राहिली.

हे सुधारता येते, आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. दहावीत नापास झालेल्यांना पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे, म्हणजे वर्ष गेलेच. २०१५ पासून राज्य मंडळाने फेरपरीक्षा जुलैतच घ्यायला सुरुवात केली. पास होण्याचे गुण तेच राहिले, प्रश्नपत्रिकाही त्याच तोडीच्या, आणि तरी कितीतरी मुलांचे वर्ष वाचले. लाखो मुलांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाला जे जमते ते आमच्या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला जमू नये असे काही नाही.

आमचे विद्यापीठ तसे तरुण आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि १९४९ पूर्वी मुंबईला. गुणपत्रकातली एक चूक दुरुस्त करायची तर इथल्या माणसाला रात्रीची गाडी धरून पुणे गाठावे लागे. जळगावला विद्यापीठ आले त्याचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मते हाच, की तक्रार घेऊन जायची जागा एसटीच्या टप्प्यात आली. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या घरांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. परीक्षेचा अध्यादेश समजावून सांगणारे त्यांच्या घरात कोणी नाही.

तो अध्यादेश समजायला सोपाही राहिलेला नाही. टक्केवारी होती तोवर बापाला गुणपत्रक वाचता येत होते. आता त्यावर अक्षरे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा गुणांच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाला एक, प्रात्यक्षिकाला तीस तासांना एक. श्रेणीचे गुण आणि क्रेडिट यांचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. निघतो तो त्या सत्राचा एसजीपीए.

मी हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर करून दाखवते. बावीस क्रेडिटचे सत्र धरा. चार क्रेडिटचे चार विषय, त्यांत ए, बी प्लस, बी आणि पी. दोन क्रेडिटचे तीन विषय, त्यांत ओ, ए प्लस आणि सी. गुणाकार येतात ३२, २८, २४, १६, २०, १८ आणि १०. बेरीज १४८. बावीसने भागले की ६.७३. आता पी मिळालेल्या विषयात एफ आला असे समजा. सोळा गेले, बेरीज १३२, भागाकार बरोबर ६. मुले म्हणतात, मॅडम, सहा म्हणजे चांगलेच की! इथेच खरी गोम आहे. आकडा चांगला दिसतो, पण हिशेबात चार क्रेडिट मिळालेलीच नसतात. पुष्कळ विद्यापीठे तर एफ सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. प्रवेशाच्या वेळी सरासरी बघत नाहीत, मिळवलेली क्रेडिट मोजतात. हे दोन हिशेब वेगळे आहेत, एवढे एक जरी मुलांच्या मनावर ठसले तरी निम्मे नुकसान टळते.

दुसरा घोळ टक्केवारीत बदलण्याचा. नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, पुढच्या प्रवेशाच्या अर्जात अजूनही टक्केच मागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्राने सीजीपीएतून, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीतून, ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. म्हणजे ६.२५ चे ५५ टक्के झाले. कोणी सरळ दहाने गुणतो, त्याचे साडेबासष्ट होतात. पदव्युत्तर पातळीवर नेट परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला ५५ टक्क्यांची अट आहे, तिथे हा फरक माणसाला आत किंवा बाहेर ठेवतो. माझा आग्रह आहे की विद्यापीठाने आपले सूत्र गुणपत्रकाच्या मागेच छापावे. सायबर कॅफेवाल्याने ते ठरवू नये.

निकालाच्या तारखेचेही तसेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरनंतर तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही स्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावावा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची घाई झाली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ती बातमी देशभर गाजली. लहान उशीर मात्र बातमीत येत नाही. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आत पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटली, तर मुलाने काय करायचे? फॉर्म भरला आणि नंतर विषय सुटला तर फी वाया जाते. भरला नाही आणि विषय सुटला नाही, तर वर्ष जाते. मजुरी करून शिकणाऱ्या मुलाला हा जुगार खेळायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत तर परीक्षा घ्यायच्या की नाही हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याने अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करायचे ठरवले होते, विद्यापीठ अनुदान आयोगाचा आग्रह घ्याव्यात असा होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या मुलांना उत्तीर्ण करून पदवी देता येणार नाही. त्या निर्णयावर मुले नाराज होती. मला तो पटला होता आणि आजही पटतो. वेळ द्या, सूट देऊ नका, असेच त्यात म्हटले होते असे मी समजते.

मागे पडणाऱ्याला वेळीच सावध कसे करायचे, याची तिथली पद्धत अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळते. चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी साधारण दोनच्या खाली गेली की त्याच सत्राअखेर विद्यार्थ्याला ताकीद मिळते. त्याला सल्लागाराकडे जावे लागते, विषय कमी घ्यावे लागतात आणि सुधारायला बहुधा एक सत्र मिळते. काढून टाकण्याची पाळी त्यानंतर. तिथल्या सगळ्याच गोष्टी मला भावतात असे नाही, शिवाय सल्लागार नेमण्याइतका पैसा आपल्याकडे नाही. पण पहिल्या सत्राच्या निकालानंतर एक कागद घरी पाठवायला किती खर्च येतो? ‘आपल्या पाल्याची इतकी क्रेडिट झाली, इतकी राहिली, तिसऱ्या वर्षापूर्वी हा विषय सुटला पाहिजे, फॉर्मची तारीख अमुक.’ मराठीत, चार ओळींत.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता वेळ मोकळा केला आहे. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा होतात, शिक्षण मधेच थांबवून पुन्हा सुरू करता येते आणि पदवी पूर्ण करायला सात वर्षांपर्यंत मुदत आहे. माझ्या विषय राहिलेल्या मुलीसाठी ही मोठीच सोय ठरली असती. पण याच धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे, आणि तिची मला काळजी वाटते. दिल्लीत बसून ती लवचिकता दिसते. भडगावात, मुलीसाठी स्थळ आले असताना, बाप म्हणेल, ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं ना ताई, झालं की शिक्षण.’ आजवर तिला थांबवायचे तर शिक्षण अर्धवट सोडल्याची खंत बापाच्या मनात राहायची. आता त्याच्या हातात विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद असेल. म्हणून बाहेर पडण्याचा अर्ज कोणी आणला की मी दोन गोष्टी विचारते: अर्ज कोणाच्या अक्षरात आहे, आणि परत यायची तारीख ठरली आहे का. तीन वर्षांच्या आत परत यावे लागते हे बाहेर पडणाऱ्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

विद्यापीठाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ज्या विषयामुळे पुढच्या वर्षाचा प्रवेश अडतो त्याची फेरपरीक्षा निकालानंतर दोन महिन्यांत घ्या. चालू सत्राच्या फॉर्ममध्ये राहिलेले विषय संगणकानेच भरून दाखवावेत. ज्याला नको असेल तो काढून टाकेल. आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागेपर्यंत त्या विद्यार्थ्यापुरती फॉर्मची खिडकी उघडी ठेवा. पास होण्याचे चाळीस टक्के यातल्या एकाही मागणीने कमी होत नाहीत. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा मात्र आम्हा महाविद्यालयांच्याच हातात आहेत. कापसाची वेचणी केव्हा सुरू होते हे आम्हाला जळगावहून कोणी कळवण्याची गरज नाही. यंदा आमच्या विभागाने पहिली चाचणी सप्टेंबरात उरकली, आणि वेचणीमुळे चुकलेल्यांसाठी दुसरी तारीख प्रवेशाच्या दिवशीच फलकावर लावली.