खडूची खूण

परवा सकाळी गाडी सुरू केली आणि शेजारी बसलेली नात म्हणाली, "आजोबा, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं काय वाजतंय?"

मी म्हटले, "काही नाही वाजत." मला खरेच काही ऐकू आले नव्हते.

"वाजतंय हो, पुढून. बघा, आता कमी झालं."

मंडळी, आमची पद्मिनी १९८६ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. मी बी.ए.ला मराठी घेतलेला मास्तर, पण इतक्या वर्षांत तिचा आवाज न् आवाज ओळखीचा झालेला. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागच्या बाकावर कोण कुजबुजतो ते मी नावानिशी सांगत असे! त्यामुळे नातीचे बोलणे जरा लागलेच.

एका गॅरेजवाल्याने (नाव नको) अर्धा मिनिट ऐकून "मास्तर, बेरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल" असे सांगून टाकले. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता भंगारात द्या." रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांनी इंजिन उघडायची घाई केली नाही. आधी पंख्याचा पट्टा काढून गाडी मिनिटभर चालवली. आवाज तसाच, म्हणजे डायनॅमो आणि पाण्याचा पंप सुटले. मग म्हणाले, टॅपेट सैल असले तर वरच्या झाकणाखाली टिकटिक येते. बेरिंग गेले तर खालून जड ठकठक येते, आणि गाडीवर जोर पडला की वाढते. हा आवाज मात्र समोरून येतो. थंड इंजिन सुरू करताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जास्त. म्हणजे टायमिंग चेन.

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पुढच्या झाकणावर टेकवले, मूठ कानाला लावली, आणि मग माझ्या हातात दिला. "ऐका."

मी ऐकले. नुसती घरघर. तरी मान हलवून "हो हो" म्हणालो. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले, त्या माणसाची ही गत!

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. गाडी बंद केली, चारही प्लग काढले, डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले आणि क्रँकच्या पुलीवर खडूने रेघ मारली. पुलीच्या नटाला पाना लावून म्हणाले, "आता हे बघा." पुली थोडी पुढे फिरवली, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरला. मग उलटी फिरवायला लागले. पुली हलते आहे आणि रोटर गप्प! खडूची रेघ चांगली बोटभर सरकली तेव्हा कुठे रोटर हलला. क्रँक कॅमशाफ्टला चेनने फिरवतो आणि कॅमशाफ्ट डिस्ट्रिब्युटरला. थोडी ढिलाई दात्यांचीही असते, पण एवढी नाही. ती चेनची.

"चेन ताणली म्हणायची," मी म्हटले. तर ते म्हणाले, लोखंड कशाला ताणतंय? प्रत्येक कडीतली पिन जराजराशी झिजते आणि सगळ्यांची झीज मिळून चेन लांब होते. सायकलची होते तशीच. सैल चेन मग झाकणावर आपटते. शिवाय कॅमशाफ्ट मागे राहतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, ठिणगीही उशिरा पडते. तेव्हा उमगले की यवतेश्वरच्या घाटात गाडी दमते म्हणून गेल्या दोन वर्षांत दोनदा टायमिंग पुढे घेतले, ते का. मी पेट्रोलला दोष देत होतो.

रेडिएटर काढून झाकण उघडले, तर आतल्या बाजूला घासून चकचकीत झालेला पट्टा होता आणि चक्रांचे दाते एका बाजूला झुकलेले. बेरिंगचा संबंधच नव्हता. चेन, दोन्ही चक्रे आणि ऑइल सील बदलले. हे सामान मिळायला अकरा दिवस लागले. पद्मिनी निघायची बंद होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली, आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

काल सकाळी नात येऊन बसली. गाडी सुरू केली. "आता नाही वाजत," ती म्हणाली. मला काहीच फरक कळला नाही. घरघर तीच.

परत येताना तिला विचारले, "सकाळी अंगणात पक्षी बोलतात का गं हल्ली?"

"रोज बोलतात की, आजोबा."

आमच्या सौ. वर्षभर टीव्हीच्या आवाजावरून म्हणत होत्या, ते मी भांडण समजत होतो. वयाबरोबर बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात म्हणे, जड आवाज राहतात. म्हणजे बेरिंगची ठकठक असती तर मला ऐकू आली असती!

असो. गुरुवारी सकाळी दहाला कान तपासायची वेळ घेतली आहे. पद्मिनी घेऊनच जाणार. नात शेजारी बसणार आहे.