पॅरिसचा उन्हाळा आणि गारव्याची खोली

पॅरिसला निघालेले कुटुंब उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर घेते. मात्र २५ जुलै २०१९ रोजी याच नगरीत तापमान ४२.६ अंशांवर पोहोचले होते.

एकोणिसाव्या शतकात ओसमान यांनी नव्याने रचलेल्या या शहरातील बहुसंख्य छपरे जस्ताच्या पत्र्याची आहेत. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही वरच्या मजल्याला निवू देत नाही. आणि जुन्या हॉटेलांतील स्वस्त खोली बहुधा तेथेच असते. ऑगस्ट २००३ मधील उष्म्याने फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्धच अधिक होते.

म्हणूनच वयस्क माता-पित्यांसह जाणाऱ्यांनी भावाआधी वातानुकूलन पाहावे. फ्रेंचमध्ये त्यास ‘क्लिमातिझास्यों’ म्हणतात. ते प्रत्यक्ष खोलीत आहे की केवळ स्वागतकक्षात, हे लेखी विचारून घ्यावे.

शहराच्या मध्यभागी अशी खोली महागच पडते. पश्चिमेकडील ला देफाँस हा उंच, आधुनिक इमारतींचा कचेऱ्यांचा परिसर आहे. शनिवार-रविवारी आणि ऑगस्टच्या सुट्यांत तेथील हॉटेलांचे दर बहुधा उतरतात. मेट्रोची पहिली मार्गिका तेथून थेट लूव्रपर्यंत नेते.

वातानुकूलित खोली न मिळाल्यास खालच्या मजल्यावरील, अंगणाकडे उघडणारी खोली मागावी. दिवसा झडपा मिटलेल्या ठेवाव्यात, रात्री खिडक्या उघडाव्यात.

माल पारखल्यावाचून व्यापारी सौदा करत नाही. मुक्कामाचा सौदाही छप्पर पारखूनच करावा. वाचलेल्या चार पैशांपेक्षा आई-वडिलांची शांत झोप मोलाची.