आगळ

आमच्या सोलापूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कुंड्यांच्या मागं, चार हात लांबीचं एक सागवानी लाकूड उभं आहे. कामाला येणाऱ्या मावशींनी दोनदा विचारलं, "हे टाकून देऊ का?" बोरामणीच्या पुढचं आमचं वस्तीवरचं घर उतरवलं, तेव्हा तुळया, खांब, दारं सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दिलं. ही आगळ तेवढी मी गाडीच्या टपावर बांधून आणली.

आगळ म्हणजे काय, हे मुलीला समजावून सांगावं लागलं. दाराच्या बाजूला भिंतीतच बिळासारखं लांब भोक ठेवलेलं असतं. दिवसा आगळ त्यात पडून राहते. रात्री ती ओढून दाराच्या आडवी घ्यायची आणि पलीकडच्या खोबणीत बसवायची. आमची आगळ सरकताना रेडकासारखी ओरडायची. तो आवाज झाला की दिवस संपला.

३० सप्टेंबर १९९३ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमच्याकडं फळीवरची भांडी पडली आणि माळवदातून पांढरी माती अंथरुणावर सांडली. तेवढंच. पुढं मात्र हैदराबाद रस्त्यानं जखमींना घेऊन सोलापूरच्या सिव्हिलकडं जाणाऱ्या गाड्या आम्ही बांधावरून बघत होतो. माझी आत्या सास्तूरला दिलेली. किल्लारी-सास्तूरकडची घरं आमच्यासारखीच होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर दरसाल मातीचा थर चढवत नेलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नंतर नव्या जागी वसवली.

आत्या एकटी उरली. दवाखान्यातून तिला वडील घरी घेऊन आले, ते तसल्याच माळवदाखाली. यात काही चुकतंय, हे तेव्हा एकाही मोठ्या माणसाला सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दिवाळीनंतर तो प्रकार सुरू झाला. आजी रात्री स्वतः आगळ घालायची आणि पहाटे दार सताड उघडं. चोरी काही नाही. कुत्रंही भुंकत नव्हतं. मग देवापुढच्या बुधल्यातलं तेल कमी व्हायला लागलं. सालगडी म्हणाला, जुन्या विहिरीतली बाई तेल प्यायला येते. आजीनं उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. सकाळी ते लिंबू व्यवस्थित बाजूला, भिंतीकडेला ठेवलेलं! भूत नीटनेटकं होतं म्हणायचं.

एका रात्री मी जागा राहिलो. साण्यातून चांदणं माजघरात खांबाएवढं उतरलं होतं. त्यातून केस मोकळे सोडलेली एक बाई गेली. तिनं दोन्ही हातांनी आगळ मागं सारली, एकदा पुढं ओढली, पुन्हा मागं सारली. दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. माझं अंथरूण ओलं झालं. पण ती वळली तेव्हा चेहरा आत्याचा होता.

कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी शेंगा फोडताना तिलाच विचारलं. तिचे हात थांबले नाहीत. "मालक दारापाशीच गावले," ती म्हणाली. "हात आगळीवर हुता. निम्मी निघाली हुती."

नऊ वर्षांच्या मुलाला यावर काय बोलायचं असतं? मी शेंगदाणे खात राहिलो.

पुढं वडिलांनी अंगणात पत्र्याचं शेड मारलं आणि आत्या तिथं झोपू लागली. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतं, पण ती चार उन्हाळे तिथंच राहिली. "आत चल" असं तिला कुणी म्हणायचं नाही, हा आजीचा हुकूम. मग एका जानेवारीत आम्ही गड्ड्याची जत्रा करून रात्री उशिरा परतलो. थंडी कडाक्याची. आत्या आमच्या मागोमाग आत आली, तिनंच आगळ घातली आणि चुलीपाशी वाकळ अंथरली. आजी भाकरीच्या टोपल्यात काहीतरी शोधत राहिली, बराच वेळ.

घर उतरवताना मी आगळ भोकातून बाहेर ओढली. एवढ्या वर्षांचं लाकूड, पण लोण्यासारखी सुळकन आली. टोकापासून टोकापर्यंत काळी, तुकतुकीत. बोटाला जुन्या तेलाचा चिकट थर लागला. त्या हिवाळ्यापासून ती ओरडायची थांबली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दारालगतच्या दिवळीतही तेलाचा एक गोल डाग होता, वाटीच्या बुडाएवढा. ती वाटी मला आठवते. आजी दर शनिवारी ती काठोकाठ भरून ठेवायची. दिवा त्या दिवळीत कधीच नव्हता.