मॅनहटनच्या बदल्यात एक बेट : जायफळाच्या इतिहासातून गळालेली माणसे

१/ प्रश्नमंजूषांमध्ये वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आहे : डचांनी मॅनहटन कशाच्या बदल्यात सोडले? उत्तर येते, जायफळाच्या एका बेटाच्या बदल्यात. सभागृहात हशा पिकतो, डच वेड्यात निघतात आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. त्या बेटावर कोण राहत होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

२/ त्या बेटाचे नाव रून. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरहून कमी. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातील बांदा द्वीपसमूहातले हे एक चिमुकले बेट. सोळाव्या-सतराव्या शतकात साऱ्या जगाला पुरणारे जायफळ या मूठभर बेटांवरूनच येत असे.

३/ श्रीखंडात किसून घालतात ते जायफळ म्हणजे या झाडाच्या फळातील बी आणि तिच्याभोवतीचे लालभडक जाळीदार वेष्टन म्हणजे जायपत्री. एकाच फळातून दोन मसाले मिळतात. हा माल मलाक्का, हिंदुस्थानची बंदरे, तांबडा समुद्र अशा टप्प्यांनी व्हेनिसला पोहोचे आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत चढत जाई. जायफळ प्लेगवर गुणकारी आहे, असाही समज युरोपात होता.

४/ बांदाला राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणवणारे गावोगावचे प्रतिष्ठित लोक एकत्र बसून निर्णय घेत. बांदाचे लोक स्वतः दर्यावर्दी व्यापारी होते. तांदूळ आणि कापड देणाऱ्या कोणालाही ते जायफळ विकत. १५१२ मध्ये पोर्तुगीज आले, त्यांनाही विकले. एकाच गिऱ्हाइकाला बांधून घेणे त्यांच्या व्यवहारात बसत नव्हते.

५/ १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला नेमके तेच हवे होते. माल फक्त आम्हाला विका, असे करार तिने करून घेतले. बांदावासीयांनी ते पाळले नाहीत. १६०९ मध्ये डच नौदलप्रमुख पीटर वेरहूवेन वाटाघाटींसाठी आला असता बेटावरील लोकांनी त्याला ठार केले. त्याच मोहिमेत एक तरुण व्यापारी होता : यान पीटरसून कून.

६/ डचांना शह द्यायचा म्हणून रूनच्या लोकांनी इंग्रजांचा हात धरला. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथॅनिएल कोर्टहोप दोन जहाजे घेऊन आला आणि रूनने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचे आधिपत्य मान्य केले. डचांच्या वेढ्यात कोर्टहोप जवळजवळ चार वर्षे तग धरून राहिला. १६२० मध्ये तो मारला गेला.

७/ १६२१ मध्ये कून पुन्हा बांदाला आला. आता तो डचांच्या पूर्वेकडील वसाहतींचा गव्हर्नर-जनरल होता आणि सोबत मोठे आरमार होते. गावे जाळली गेली. ८ मे १६२१ रोजी ४४ ओरांग कायांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार करण्यात आले. कित्येक लोक डोंगरात उपाशी मेले, शेकडोंना कैद करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला नेले.

८/ मोहिमेपूर्वी बांदाची लोकसंख्या सुमारे १५,००० होती, असा अंदाज आहे. मोहिमेनंतर जेमतेम १,००० उरले. ओस पडलेल्या जमिनीचे ६८ मळे पाडून ते डच मळेवाल्यांना देण्यात आले आणि राबण्यासाठी दूरदूरहून गुलाम आणले गेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडे जोपासली, ते मात्र तिथे उरले नव्हते.

९/ आता मॅनहटनकडे. १६६४ मध्ये इंग्रज जहाजे न्यू ॲमस्टरडॅमसमोर उभी राहिली आणि तिथल्या डच गव्हर्नरने लढाई न करताच शहर सोडले. त्याचे नाव न्यूयॉर्क झाले. ३१ जुलै १६६७ च्या ब्रेडाच्या तहाचे सूत्र सोपे होते : ज्याच्या ताब्यात जे आहे, ते त्याचेच. रून आणि सुरिनाम डचांकडे राहिले, न्यूयॉर्क इंग्रजांकडे.

१०/ म्हणजे काट्यावर एका बाजूला मॅनहटन आणि दुसऱ्या बाजूला रून ठेवून झालेला हा सौदा नव्हता. दोघांनी बळकावलेले एकमेकांना माफ केले, इतकेच. १६७३ मध्ये डचांनी न्यूयॉर्क पुन्हा जिंकलेही. १६७४ च्या तहाने ते कायमचे इंग्रजांकडे गेले.

११/ ही त्या काळाची रीतच होती. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. इथल्या कोळ्यांना कोणी विचारले नाही, तसे रूनवाल्यांनाही नाही.

१२/ जायफळाचा मक्ता राखण्यासाठी डच प्रत्येक बी चुन्यात बुडवून मगच विकत, म्हणजे ती परमुलखात रुजू नये. तरीही १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने रोपे चोरून मॉरिशसला आणवली. १८१० मध्ये इंग्रजांनी बांदा काबीज करून ती आपल्या वसाहतींत नेली. आज कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. ज्यासाठी एक समाज संपवला, तो मक्ता असा हातातून निसटला.

१३/ कूनचा पुतळा १८९३ मध्ये त्याच्या जन्मगावी, होर्नमध्ये उभारला गेला. तो तिथे असावा की नसावा, यावर नेदरलँड्समध्ये वाद झडतात. बांदामध्ये आज राहणारे लोक बहुतांशी बाहेरून आलेल्यांचे वंशज आहेत. मूळ बांदा भाषा तिथे ऐकू येत नाही.

१४/ ती ऐकू येते पूर्वेकडच्या केई बेटांवर. १६२१ मध्ये होड्यांतून निसटलेली काही कुटुंबे तिथे पोहोचली. त्यांनी वसवलेल्या दोन गावांची नावे आहेत बांदा एली आणि बांदा एलात. चार शतके लोटली, तरी तिथले लोक घरात तीच भाषा बोलतात.

१५/ प्रश्नमंजूषेतील उत्तरात दोन बेटे आहेत आणि दोन राष्ट्रे आहेत. केईवरची ही दोन गावे त्यात नाहीत. पुढच्या वेळी हा प्रश्न निघाला, तर उत्तराला एवढी जोड अवश्य द्यावी.